सर्व्हर पाह्यजे थंड गावचा

...आता फिनलंडच काऊन, हे मले विचारू नका, बाप्पा! जो भेटते तो तेच विचारते. सिंदीचा माणूस, सिंदी रेल्वे, तालुका सेलू, जिल्हा वर्धा, त्याले साऱ्या पृथ्वीवर सर्व्हर ठेवाले फिनलंडच सापडलं का?... अरे, दुसरंही सापडलं असतं ना! पण तुमी मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, माह्या खोलीत येऊन बसा एकडाव. वरचा स्लॅब तापेल, पंखा तीच तापेल हवा खाली ढकलून राह्यला, खुर्चीचं प्लास्टिक पाठीले चिकटेल, अन् समोर स्क्रीनवर जगाचा नकाशा, नकाशावर निळ्या निळ्या टिकल्या, अन् खाली लिहेलं, 'तुमचा सर्व्हर कोणत्या शहरात पाहिजे?' काय निवडान तुमी? अं? वरच्या कोपऱ्यात ते पांढरंशुभ्र फिनलंड दिसून राह्यलं... तुमीही तिथंच बोट ठेवान!

अन् मले काय हौस होती का सर्व्हर घ्याची? सर्व्हर म्हणजे काय, तर चोवीस तास जागा राह्यणारा कंप्युटर. आपलं काम त्याच्यावर ठेवाचं अन् पाह्यजे तिथून उघडाचं, बस, याच्यापलीकडे मले त्याचं काही कौतुक नाई. मले महाल पाह्यजे होता का? गाडी पाह्यजे होती? मले फक्त घरी राहाचं होतं!

मी रत्नदीप. घराचे नकाशे काढतो. ऑफिस पुण्याले, मोहिनी मॅडमचं, आमी बारा जणं. सात वर्षं राह्यलो मी पुण्यात, अन् सात वर्षांत शेजारच्या माणसानं मले नावानं हाक नाई मारली, तो मले 'फ्लॅट नंबर नऊ' म्हणे. मंग लॉकडाऊन लागलं, मी घरी आलो तो आलोच. लग्न झालं. पौर्णिमा, माही बायको, सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स हाये, सकाळच्या पॅसेंजरनं जाते अन् संध्याकाळच्या गाडीनं येते, अन् मी खिडकीले टेबल लावून दिवसभर लोकाइच्या बंगल्यात भिंती टाकतो. त्या खिडकीतून काय दिसते सांगू? हिवाळ्यात कापसाच्या गाड्या जाते जिनिंगकडे, सरकी काढाच्या कारखान्यात, लाईननं, अन् त्यातला कापूस उडून आमच्या कुंपणाच्या तारेवर येऊन बसते. इतकूसा. मी त्याच्याकडे पाह्यतो... हा जर उडाला नसता तर कुठं गेला असता, कोणाचा सदरा झाला असता, तो सदरा घालून कोण कोणाले भेटाले गेलं असतं... अशी नजर लागली का अर्धा तास गेलाच समजा. पण काम वेळेवर, बरं का! कामात बोट ठेवून दाखवा म्हणा!

तर मेच्या सुरुवातीले मॅडमचा फोन. मॅडम रागावत नाई कधी, मॅडमचा आवाज फक्त सपाट होते. "रत्नदीप, हे बघ. सगळी ड्रॉइंग्ज इथे ऑफिसातल्या कंप्युटरवर असतात. तू मेलवर मागवतोस, तिकडे बदलतोस, इकडे दुसरं कोणीतरी तेच बदलतं. आणि परवा त्या कुलकर्ण्यांच्या बंगल्याला दोन जिने झाले." झालते. खरं हाये. एक माहा, एक पुण्याचा. दोनही चांगलेच होते, पण ते सांगाची वेळ नोयती. "तर एक तर चांगला सर्व्हर शोध, सगळी ड्रॉइंग्ज त्याच्यावर ठेव. तू सिंदीत भिंत हलवलीस की मला इथे लगेच हललेली दिसली पाहिजे. जूनच्या पहिल्या सोमवारी, दहा वाजता, मी स्वतः बघणार. जमलं तर राहा तिकडेच. नाही जमलं तर मंगळवारी बॅग घेऊन ये."

मी पौर्णिमाले सांगितलं. ती गणवेशाले इस्त्री करून राह्यली होती. म्हणे, "मंग माही नोकरी?" बस, येवढंच. तिनं चार डाव परीक्षा देऊन ती नोकरी घेतेली, पुण्याले येणं काही सोपं होतं का तिले? ती पुन्हा इस्त्री करू लागली, त्याच बाहीवर, जी बाही आधीच झालती. सांगतो तुमाले, लय भेव वाटलं मले. मले फक्त घरी राहाचं होतं, अन् घर म्हणजे ती बाही होती... जाऊ द्या.

आता असं कोणाच्या घरी झालं का पह्यले एक जाणता माणूस येते. आमच्याकडे रुपेश आला. चुलतभाऊ. स्टेशनपाशी ऑनलाईन फॉर्म भरून द्याचं दुकान हाये त्याचं, म्हणून कंप्युटरमध्ये तो गावात शेवटचा शब्द. "दादा, भाड्यानं कायले घेतं बे? घरीच बनव ना सर्व्हर! माह्या दुकानातला जुना डबा घेऊन जाय, चालूच ठेवाचा फक्त!" मले पटलं. मले कायही पटते, हाच तर प्रॉब्लेम हाये. डबा आणला, टेबलाखाली ठेवला, चालू केला. हिरवा लाईट लुकलुक करे. मी खाली वाकून वाकून पाहो... आपला स्वतःचा सर्व्हर, आपल्या घरात, आपल्या फरशीवर! कोणी पुण्यात बसून माह्या टेबलाखालचा जिना उघडून राह्यलं, काय मजा हाये!

पण माह्या मायले त्या डब्याची दया आली. माय म्हणजे धुरपता, तिले उन्हात कोंबडी दिसली तरी ती तिच्यापुढं पाण्याची वाटी ठेवते. "दिवसभर चालू? रातभर चालू? बिचारं हात लावू देत नाई येवढं तापलं ना!" मी म्हटलं राहू दे, तापतेच ते. मी आंघोळीले गेलो, अन् तिनं काय केलं असन? माठाले गुंडाळते तसं ओलं फडकं गुंडाळलं त्याले! चारही बाजूनं! अन् वरून कूलरचं तोंड त्याच्याकडे केलं! मी बाह्यर आलो तोवर धुप्प... अन् वास. माय म्हणे, "माठ तर कधी फुटला नाई." काय बोलाचं तिले? तिनं मायेनंच केलतं. आठ दिवस गेले माहे त्याच्यात.

म्हणून भाड्याचा. म्हणून तो नकाशा, अन् त्या निळ्या टिकल्या. आता भाड्याचा सर्व्हर घेणं म्हणजे तुमाले वाटत असन, बटन दाबलं का झालं. नाई हो! किती कोर पाह्यजे, किती रॅम पाह्यजे, किती जागा पाह्यजे, रोजची नक्कल काढून ठेवाची का नाई ठेवाची... रुपेश मागं उभा राहून म्हणे, "सगळ्यात मोठा घे, दादा, सोळा कोरचा!" अबे, बारा जणं नकाशे काढतेत, रॉकेट सोडून राह्यलो का आमी? अन् तिकडून माहे वडील, नानाजी, सारं गाव त्याइले नानाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो, ते खाटेवरून विचारते, "म्हणजे खोली भाड्यानं घेऊन राह्यला का?" म्हटलं हो, तसंच समजा. "मालक कोण?" म्हटलं कंपनी हाये. "बाजूच्या खोलीत कोण राह्यते?" म्हटलं नानाजी, मशीन हाये ते! "अरे पण एकाच मशीनमध्ये आडोसे घालून धा जणाइले देलं असन ना त्यानं? मंग बाजूचा धिंगाणा घालत असन तर तुले काम करू देईन का?" मी हसलो. अन् खाली बारीक अक्षरात लिहेलं दिसलं, 'शेजारच्या ग्राहकांचा वापर वाढल्यास आपला वेग कमी होऊ शकतो.' मी हसणं बंद केलं.

नानाजी चाळीस वर्षं जिनिंगात कापसाची प्रत पाहत होते, तुमाले सांगाचं राह्यलंच. गाडी आली का मूठभर कापूस काढाचा, दोन अंगठ्याइत धरून ओढाचा, धागा किती लांब निघते, कचरा किती, ओल किती, सारं बोटाले कळाचं. मालक सुद्धा त्याइले विचारल्याबिगर भाव सांगे नाई. ते मले म्हणे, "सॅम्पल पाह्यलं का?" मी म्हटलं, याचं सॅम्पल नसते, नानाजी. अन् फिनलंडवर बोट ठेवलं.

काय सांगू तुमाले, पुढचे तीन दिवस मी सिंदीत नोयतोच. मी नकाशेवाला माणूस, मी काय केलं असन... त्या सर्व्हरची खोली काढली. कागदावर. मापासहित! उत्तरेकडे एक लंबी खिडकी, बाह्यर उंच उंच झाडं, झाडाइवर बर्फ, खाली लाकडाची जमीन, अन् मधात माहा सर्व्हर, एकटा, गार, शांत. अन् एक माणूस येते सकाळी, लोकरीची टोपी घालून. टोपी हिरवी. त्याले मी नाव नाई देलं, परक्या माणसाले आपण कायले नाव द्याचं, पण तो येते, पायातले जोडे बाह्यर काढते, सर्व्हरवर हळूच हात ठेवते, त्याच्या भाषेत विचारते, 'बरं हाये ना?' अन् सर्व्हर काही बोलत नाई, कारण त्याले बरंच असते... बाह्यर हळूहळू बर्फ पडून राह्यला, आवाज नाई, काही नाई... अन् इकडे माह्या मानेवरून घाम धारेनं कीबोर्डवर. पण मले लागतच नोयता! मले गार वाटून राह्यलं होतं, खरंच! पौर्णिमानं माह्या कपाळाले हात लावून पाह्यला. म्हणे, "अवो, ताप आला का तुमाले?"

मंग शुक्रवारी सारे नकाशे त्याच्यावर चढवले, अन् म्हटलं एक रेघ मारून पाहू. एकच रेघ. स्वयंपाकघराची भिंत. क्लिक केलं... अन् काही नाई. पाह्यलं, माऊस चालू हाये. इंटरनेट चालू हाये. अन् मंग, निवांत, उमटली रेघ! मी दुसरी मारली. पुन्हा तेच! अहो, माही रेघ सिंदीतून निघते, समुद्राखालून जाते, बर्फात चालते, त्या खोलीत पोचते, हात शेकते, अन् मंग तिले आठवण येते का आपल्याले परत जाचं हाये! अन् मले लागली सवय... रेघ मारली का मी तिच्यासोबत जाओ. ती येईपर्यंत मी तिथंच खिडकीत उभा. तीन वाजता बसलो होतो, साडेपाचले पौर्णिमा आली तोवर एक संडास झालता काढून. एक! "तुमी काम करून राह्यले का झोपून राह्यले?" मी म्हटलं, वाट पाहून राह्यलो. "कोणाची?" म्हटलं, दाराची.

सोमवारले दोन दिवस. मले रडूच येत होतं, खरं सांगतो. दुनियाभरचे लोक म्हणते आता कुठूनही काम करता येते, अन् कुठूनही म्हणजे कुठूनही, फक्त माह्या खिडकीतून सोडून! मले काय त्या बर्फात घर बांधाचं होतं? मले फक्त घरी राहाचं होतं!

शनिवारी सकाळी नानाजी उठले, माह्या बाजूले खुर्ची ओढली, अन् म्हणे, "मूठभर तर देतच असन ना कोणी?" म्हटलं, नसते देत. "पाह्यलं का?" आता बापाले नाई कसं म्हणाचं, म्हणून पाह्यलं... अन् लिहेलं होतं! पह्यल्याच पानावर लिहेलं होतं, ठळक, 'तासाभरासाठीही घेता येईल.' तीन आठवडे मी त्या पानाकडे पाहून राह्यलो होतो, मले फक्त बर्फच दिसला!

मंग घेतले एकेक तासासाठी. नानाजीनं माऊसवर हात ठेवला अन् डोळे मिटले. मिटले! म्हणे, "मी दाबतो, रेघ उमटली का तू 'हं' म्हण." पह्यले फिनलंड. नानाजीनं दाबलं... हं. डोळे न उघडता म्हणे, "आखूड धागा. तुटते." मंग जर्मनी. हं. "मध्यम. पण ओल हाये." मंग सिंगापूर. हं! "बरा हाये. कधी येते, कधी अडते. कचरा हाये त्याच्यात." मंग राह्यली मुंबई. मी म्हटलं नानाजी, मुंबई राहू द्या, तिथं काय घामानं चिकचिक असते, मशीन कसं राह्यन तिथं? नानाजीनं दाबलं. हं! म्हणजे दाबणं अन् 'हं' एकच झालं, मले तोंड उघडाले वेळ नाई भेटला! पुन्हा दाबलं. हं. पुन्हा. हं. धा डाव. मंग डोळे उघडले, अन् दोन बोटं एकमेकाइवर घासली, कापूस असल्यासारखी. "हा घे. लांब धागा."

म्हटलं, पण तिथली गर्मी? तर माह्याकडे असे पाह्यले... "अबे, मशीन तर कुठंही एसीतच राह्यते ना? तू त्याच्यासाठी जागा पाह्यलीच नाई. तू तुह्यासाठी पाहून राह्यला होता." अन् उठून चहा प्याले गेले. मी आपला बसून राह्यलो. इतकं खरं कोणी सकाळी सकाळी बोलाचं असते का?

सोमवार. दहा वाजता. पौर्णिमानं रजा टाकली होती, माय दाराआड, रुपेश मागं, नानाजी खाटेवर. मॅडम पुण्यातून बोलून राह्यली, "हं, कुलकर्ण्यांचा बंगला उघड. किचनची भिंत दोन फूट आत घे." मी घेतली. तिकडून नुसती माऊसची टकटक. म्हटलं गेलं... सारं गेलं, आता बॅग भरा. अन् मॅडम म्हणे, "अरे! हलली की! थांब, परत बाहेर घे." घेतली. "जिना फिरव." फिरवला. एकच होता आता. आणि तेवढ्यात आमची लाईट गेली, पंखा बंद... पण लॅपटॉप बॅटरीवर, इंटरनेट पौर्णिमाच्या मोबाईलवर, अन् मॅडमले कळलं सुद्धा नाई! "रत्नदीप, हे तर बाजूच्या टेबलावरून केल्यासारखं वाटतंय. शाब्बास. राहा तिकडे!"

मायनं मले पोटाशी धरलं. पौर्णिमा आत गेली अन् तिचा गणवेश तिनं घडी करून ठेवला, पुढच्या दिवसासाठी. त्या दुपारी मी खिडकीत बसलो अन् काहीच केलं नाई. नुसता बसलो. उन्हात रेल्वेचं फाटक बंद होये, उघडे. गाडी जाये. मले वाटलं, हे आता माहं हाये, जोवर मी म्हणीन तोवर. इतकं बरं मले कधीच नाई वाटलं, सांगतो तुमाले.

अन् मंग पुण्याच्या त्या अकरा जणाइनं सर्व्हर पाह्यला! साताऱ्याचा म्हणे, 'मॅडम, मग मीही साताऱ्याहूनच करतो की.' सांगलीची म्हणे, 'माझ्या बाळाला आजी सांभाळेल.' जळगावच्यानं तर विचारलंही नाई, सरळ जळगावातून लॉगिन! महिन्याभरात सारं ऑफिस आपापल्या घरी. मॅडम सुद्धा घरीच! अन् सारे माह्या सर्व्हरवर, अन् मले रोज आशीर्वाद देते, 'रत्नदीप, तुझ्यामुळे रे!' मले तर फुगून आलतं.

मंग मॅडमचा फोन. आवाज सपाट. "रत्नदीप, हे बघ. ऑफिसचा करार अजून तीन वर्षं आहे. नकाशे छापायचं मोठं मशीन तिथेच आहे. क्लायंट येतात, कुरिअर येतं, शिक्के मारायचे असतात. कोणीतरी तिथे पाहिजे. आता बाकीच्यांना परत बोलावलं तर ते नोकरी सोडतील. आणि तुला पुण्याची सवय आहे, सात वर्षं होतास."

सकाळच्या पॅसेंजरनं आमी दोघं सोबत निघालो. सेवाग्राम आलं, पौर्णिमा उतरली, मले पुण्याच्या गाडीसाठी वर्ध्यापर्यंत जाचं होतं. ती खिडकीपाशी आली, म्हणे, "जेवण वेळेवर करजा." गाडी हलली. लय वाईट वाटलं. तिलेही वाटलं, पण तिची ड्युटी होती.

आता मी पुण्यात. ऑफिसात एकटा. रोज दहा वाजता मीटिंग, स्क्रीनवर साऱ्याइचे चौकोन, कोणाच्या मागं आंब्याचं झाड, कोणाची माय मागं मेथी निवडून राह्यली, अन् माह्या मागं अकरा खाली खुर्च्या. त्यात नवीन पोरगी लागली परवा. सपना. कुठली? तळेगावची! श्यामजीपंताचं तळेगाव, आमच्याच वर्धा जिल्ह्यातली, घरीच बसून काम करते. मीटिंग संपली तरी ती थांबली. म्हणे, "दादा, एक विचारू का? तुमी एकटेच काऊन जाता हो ऑफिसात? घरूनच करा ना तुमीही! काही कठीण नाई, आपला सर्व्हर भल्ला फास्ट हाये, मी शिकवतो ना तुमाले!"

आता तिले काय सांगाचं?... म्हटलं, राहू दे वं बाई. मले घरी करमत नाई.